नसलेल्या दांड्यावरून

संध्याकाळ होत आली होती आणि माझ्या तांबडी घोडीच्या पुढच्या उजव्या पायाची पट्टी सुटली. मी तिला हातात धरून चालवत होते. खोगीर नाही, लगाम नाही, नुसती म्होरकी आणि दोर. वाळूत एकच दांडा आडवा टाकलेला. तिचे पुढचे दोन्ही पाय दांडा ओलांडून गेले होते, मागचे दोन अजून अलीकडेच होते, आणि नेमकं तेव्हाच पट्टीचं टोक खुराशी लोंबताना दिसलं. तिला तिथंच उभी केली. खाली बसून पट्टी उलगडली, पुन्हा नीट गुंडाळली, फार घट्ट तर नाही ना म्हणून दोन बोटं आत घालून पाहिली. दोन-तीन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात आवराआवर करणाऱ्या मोतद्दार पोरानं तिच्या पोटाखालचा दांडा एका टोकानं धरून अलगद बाजूला ओढून घेतला. वाळू मऊ, आवाज असा झालाच नाही. मी उठले, दोर हातात घेतला, "चल" म्हटलं. तांबडी निघाली. तिनं मागचा उजवा पाय उचलला तो असा, की पोटाला लागेल असं वाटावं. दुमडून, सावकाश, खूप वर नेऊन तिनं तो नसलेल्या दांड्याच्या पलीकडे ठेवला. मग डावा. तोही तसाच.

पोरगा हसला. "ताई, बघितलं का? दांडा न्हाईच की तिथं!"

मला हसू आलं नाही.

तिला ठाणावर बांधलं, पाय धुतले, खरारा केला, तरी ते पाय उचलणं डोळ्यांसमोरून हलेना. वाळूवर दांड्याची खूण तेवढी उरली होती, हातभर रुंदही नाही अशी सरळ दाबलेली रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना खुरांचे ठसे होते आणि रेघेवर एकही नव्हता. मी कितीतरी वेळ तिथं उभी राहून ती रेघ बघत होते. घोड्यांत राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये, हे मला कळत होतं. नवल नव्हतंच. मनात एकच प्रश्न घोळत होता: तिला आठवला तो दांडा कुठला? दोन मिनिटांपूर्वी पुढच्या पायांनी ओलांडलेला, की गेल्या वर्षीचा?

गेल्या वर्षीच्या दांड्याबद्दल मी फारसं बोलत नाही. आज बोलणार आहे.

जमिनीवर टाकलेल्या दांड्यांकडे पाहून, घोडेस्वारी न केलेल्या माणसाला काहीच वाटत नाही. तीन-साडेतीन मीटर लांब, मनगटापेक्षा जाड, पण मांडीपेक्षा बारीक, रंगाचे पट्टे उडालेले चार लाकडी दांडे. त्यावरून घोडा नुसता चालत जातो. बघायला आलेली मंडळी थोडा वेळ थांबतात आणि मग विचारतात, "उडी कधी मारणार?" उडी नाही, इतकंच आहे म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. पण मला विचाराल तर घोडा समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. उडीत एक क्षण असतो आणि तो गेला की गेला. दांड्यांवरून जाताना प्रत्येक पावलाचा हिशोब दिसतो. कुठला पाय आळसावलाय, कुठला दुखतोय, पाठ वर येतेय की दगडासारखी धरलीय, मान मोकळी आहे की नाही. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं. साध्या चालीत चार टापा, एकामागून एक, सारख्या अंतरानं. दुडकीत दोन, कारण तिरपे पाय जोडीनं पडतात. कँटरमध्ये, म्हणजे संथ दौडीत, तीन, आणि तिसरीनंतर एक रिकामी जागा, जिथं चारही पाय हवेत असतात. दांड्यांवरून जाताना हा ताल एकदम स्वच्छ ऐकू येतो. आणि कुठं खूर लाकडाला लागला, तर तालाच्या मध्येच एक कोरडा आवाज येतो. टक्.

हा आवाज मला लहानपणापासून ओळखीचा. मला स्वारी शिकवली त्या मास्तरांनी पहिले कित्येक महिने उडीचं नाव काढू दिलं नव्हतं. रोज दांडे. तेही आम्हीच उचलून आणायचे, आम्हीच मांडायचे. पावसानं भिजलेले असले की दोघींना मिळून एक उचलायचा, आणि हाताला ओल्या लाकडाचा आंबूस वास तासभर राहायचा. अंतर मोजायला मास्तरांकडे टेप नव्हता, म्हणजे असेलही, पण त्यांनी तो कधी काढला नाही. ते ढांगा टाकायचे. त्यांची एक ढांग म्हणजे तीन फूट, त्यात इंचाचा फरक नाही. साध्या चालीसाठी दोन दांड्यांमध्ये एक ढांग. दुडकीसाठी दीड. कँटरसाठी तीनपेक्षा थोडं जास्त, "आणि मग घोड्याकडं बघायचं, पोरी. आकडा तुझा, पाय त्याचे." लहान चणीच्या घोड्याला ते अंतर कमी करायचे, लांब पल्ल्याच्या घोड्याला वाढवायचे. पहिल्यांदा घोडा दांड्यांवरून गेला की ते वाळूतले ठसे बघायला खाली बसत. ठसा दोन दांड्यांच्या बरोब्बर मधोमध पडला असेल तर मान डोलवत उठत. पुढच्या दांड्याला चिकटून पडला असेल तर काही न बोलता बुटाच्या टाचेनं दांडा थोडा सरकवत. नव्या घोड्याला आधी एकच दांडा, नंतर एकदम तीन. दोन कधीच नाहीत. दोन ठेवले की घोड्याला तो एकच रुंद अडथळा वाटतो आणि तो दोन्हीवरून एका उडीत जातो. बेसावध बसलेला स्वार मागेच राहतो. हे मास्तरांनी सांगितलं होतं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. एकदा पाठीवर बसून अनुभवल्यावर वाटलं.

त्यांची दीड ढांग माझ्या अंगात मुरली. पुढे मी स्वतः घोड्या ठेवल्या, इतरांच्या घोड्यांना तालीम द्यायला लागले, तरी टेप मीही घेतला नाही. दांडा टाकायचा, दीड ढांग, दांडा टाकायचा, दीड ढांग. हात दांड्याला आणि पाय अंतराला इतके सरावलेले, की बोलता बोलता, दुसरीकडे बघता बघता मांडणी व्हायची. मला याचा अभिमान होता. खराखुरा. मास्तर गेल्यावर त्यांच्याकडून माझ्याकडे आलेली, हाताला लागेल अशी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे ही ढांग.

दोन वर्षांपूर्वी माझा डावा गुडघा दुखायला लागला. आधी जिना उतरताना, मग वाकताना, मग सारखाच. माणूस दुखऱ्या पायाला सांभाळून चालतो ते त्याच्याही लक्षात येत नाही. पाऊल आखूड पडतं. माझी ढांग तीन फुटांवरून अडीच फुटांवर आली होती आणि मला पत्ता नव्हता. डोक्यातला आकडा तोच होता, दीड. पाय बदलले होते. दीड ढांगेत पूर्वी साडेचार फूट भरायचे, आता पावणेचारच्या आसपास. तांबडी उंच घोडी, दुडकीत लांब पाऊल टाकणारी. तिला साडेचार फूटसुद्धा जरा कमीच पडतात. गेल्या वर्षी त्या सकाळी मी चार दांडे मांडले, स्वार झाले, दोन फेऱ्या मोकळ्या दुडकीत मारल्या आणि तिला दांड्यांवर घेतलं. पहिला गेला. दुसऱ्याला टक् झालं. मला वाटलं, आळस करतेय. पाय दाबून तिला पुढं ढकललं. अजूनही ते आठवलं की माझे पाय आपोआप सैल पडतात. जागा आधीच कमी होती आणि मी तिच्याकडे आणखी लांब पाऊल मागितलं. तिसरा दांडा थेट तिच्या पुढच्या उजव्या खुराखाली आला. दांडा गोल होता, वजनालाही हलका, नुकतेच नवे आणलेल्यांतला. तो गडगडला. खूर त्याच्यावर, दांडा पुढे निघालेला, आणि वरून सगळं ओझं, तिचं आणि माझं. ती पडली नाही. नाक वाळूला लागेपर्यंत खाली गेली आणि कशी कोण जाणे सावरली. मी तिच्या मानेवर आले होते. उतरले तेव्हा तिनं तो पाय टेकवला नव्हता. नुसतं टोक जमिनीला लावून उभी होती, आणि कान मागे नाहीत, पुढे नाहीत, दोन्ही बाजूंना पडल्यासारखे.

मी टेप नंतर आणला. एकटीच रिंगणात जाऊन मोजलं. तीन फूट नऊ इंच.

घोड्याच्या पायाबद्दल एक गोष्ट कळली की मग त्याच्याकडे निर्धास्तपणे बघता येत नाही. गुडघ्याच्या खाली स्नायू नाहीत. आपण ज्याला पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो तो रचनेनं आपल्या मनगटाच्या जागी आहे, आणि तिथून खाली हाड, स्नायू हाडाला बांधणारे टेंडन, हाड हाडाला बांधणारे लिगामेंट आणि कातडी. शेकडो किलोंचा देह या नळ्यांवर आणि दोऱ्यांवर उभा. त्यातही निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर. पुढचे पाय बाकीच्या सांगाड्याला हाडानं जोडलेलेही नाहीत. घोड्याला गळ्याचं हाड नसतं. छातीचा पिंजरा दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. झोळी बळकट असेल तर घोडा पुढून उचलल्यासारखा, हलका चालतो. ढिली असेल तर सगळा भार खाली पायांवर येतो. टेंडनला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते बरं व्हायला महिनेच्या महिने लागतात, आणि बरं झालेल्या जागी जो नवा धागा तयार होतो तो पहिल्यासारखा ताणत नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफीत मला ती जागा दाखवली होती. करड्या रेघांच्या मध्ये एक काळसर डाग, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. केवढासा. त्यावर हात फिरवला तर बाहेरून फक्त गरम लागायचं.

मग दिवस गेले ते पाण्याच्या धारेखाली पाय धरण्यात, पट्ट्या बांधण्यात, आणि नंतर हातात धरून चालवण्यात. पाच मिनिटं, दहा मिनिटं, सरळ रेषेत, सपाट जमिनीवर. चिडकी नव्हती तांबडी, पण कोंडलेल्या घोडीची चिडचिड होतेच. भिंतीला तोंड लावून उभी राहायची. सहाव्या महिन्यात डॉक्टर तपासून म्हणाले, "आता दांडे सुरू करा. चालीत, एक-एक." माझ्या पोटात गोळा आला. ज्यानं मोडलं त्यानंच जोडायचं, हे मला पचायला वेळ लागला. त्यांनी शांतपणे समजावलं. 2015 साली घोड्यांच्या हालचालींच्या अभ्यासक हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दांड्यांवरून दुडकी जाणाऱ्या घोड्यांची मोजमापं घेतली होती. चारही पायांचे सांधे नेहमीपेक्षा जास्त दुमडले जात होते, जमिनीपासून थोडे उचलून ठेवलेल्या दांड्यांवर आणखी जास्त, पण पाय टेकताना त्यावर येणारा भार काही त्या प्रमाणात वाढत नव्हता. म्हणजे सांध्याला हालचाल मिळते, स्नायूंना काम मिळतं, आणि दुखऱ्या भागाला जादा ओझं सोसावं लागत नाही. ऐकताना मला मास्तर आठवले. असली मोजमापं त्यांच्या हाती कधी आली नव्हती, पण दुखणाईत घोड्याला ते नेमकं हेच करायला लावायचे.

गोल दांडे मी काढून टाकले. आता आहेत ते आठ कडांचे, जड, पाय पडला तरी जागचे न हलणारे. रंगही बदलला. पूर्वी मी सगळ्या दांड्यांना नारिंगी पट्टे दिले होते, कारण ते मला लांबून ठसठशीत दिसत. घोड्याच्या डोळ्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, निळा आणि पिवळा कळतो. नारिंगी पट्टा त्याला मातीत मिसळल्यासारखाच दिसत असणार. ब्रिटनमध्ये शर्यतींच्या अडथळ्यांवर वर्षानुवर्षं नारिंगी रंग असायचा. घोड्यांच्या नजरेचा अभ्यास झाल्यावर तिथं पांढरा आणला. हे वाचल्यावर मी एका दुपारी बसून सगळ्या दांड्यांना पांढरा हात दिला. इतकी वर्षं दांडे मी माझ्या डोळ्यांसाठी रंगवत होते, घोड्यासाठी नाही, हा विचार ब्रश फिरवताना सारखा टोचत राहिला.

आणि डोळ्यांचीच गोष्ट निघाली आहे तर ही सांगायलाच हवी. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ सगळीकडचं त्याला दिसतं, मागे चालत येणारं माणूससुद्धा. पण कपाळाच्या अगदी समोर, नाकाच्या खाली आणि शेपटीच्या बरोब्बर मागे त्याला दिसत नाही. दांडा लांबून दिसतो, जवळ येतो, आणि पाय उचलायची वेळ येते तेव्हा तो नजरेतून गेलेला असतो. म्हणून दांड्याकडे जाताना घोडा मान खाली घालू पाहतो, आणि म्हणूनच त्या वेळी लगाम ओढून धरणारा स्वार त्याचं सगळ्यात मोठं नुकसान करतो. पुढचे पाय निदान थोड्या वेळापूर्वी पाहिलेल्यावर पडतात. मागच्या पायांचं काय? ते तर कित्येक फूट मागून येतात, पोटाच्या पलीकडून. त्यांना दांडा कधीच दिसत नाही. तरी ते उचलले जातात, बरोबर त्याच जागी, बरोबर तेवढेच. कॅनडातल्या संशोधकांनी 2009 मध्ये हेच तपासलं. पुढचे पाय अडथळ्यापलीकडे गेल्यावर घोड्याला मध्येच थांबवलं आणि मग पुढं नेलं. थांबून वेळ गेला तरी मागच्या पायांना अडथळ्याची जागा आठवत होती. त्या संध्याकाळी तांबडीनं केलं ते हेच.

हे सगळं मला माहीत होतं. तरी रात्री झोप लागेना.

कारण पाय उचलण्यामागे आठवण असते तशी धास्तीही असू शकते, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. उड्यांच्या स्पर्धांच्या जगात एक वाईट प्रकार होता. त्याला रॅपिंग म्हणतात. घोडा अडथळ्यावरून उडी मारत असताना दोन्ही बाजूंना उभी राहिलेली माणसं हातातला दांडा ऐन वेळी वर उचलून त्याच्या पायांवर मारत. लागलं की पुढच्या उडीला घोडा पाय आणखी वर ओढून घेतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर उडी मारतोय. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत आज त्यावर बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. पण ते घोडे माझ्या डोळ्यांसमोर येत राहिले. उंच उचललेले पाय. चकचकीत खूर. तांबडीचा मागचा पाय ज्या उंचीवर गेला, तेवढी उंची दहा सेंटिमीटरच्या दांड्याला लागत नाही. त्याच्या तिप्पट वर गेली ती. इतकं वर का? मी तर तिच्या पायावर कधी दांडा मारला नाही. पण तिच्या खुराखाली तो मीच आणून ठेवला होता, आणि आपल्याला कुणामुळे लागलं याचे असे बारीक भेद घोड्याच्या मनात असतील, असं मला वाटत नाही.

इटलीच्या घोडदळात फेदेरिको काप्रिली नावाचा एक अधिकारी होता. घोड्यावरून पडून 1907 मध्ये गेला, चाळिशीही गाठली नव्हती. त्याच्या आधी उडी मारताना स्वार मागे रेलायचा, लगाम ओढायचा, आणि घोड्याच्या पाठीवर अन् तोंडावर सगळा धक्का बसायचा. काप्रिलीनं स्वाराला पुढं झुकवलं, हात मोकळे करायला लावले आणि घोड्याला त्याच्या समजुतीनं पाय टाकू दिले. थोड्या उंचीवर ठेवलेल्या दांड्यांना जगभरात कॅव्हेलेटी म्हणतात तो शब्दही इटालियनच, त्याचा अर्थ छोटे घोडे. मला तो शब्द फार आवडतो. दोन टोकांना फुल्यांसारखे पाय असलेला दांडा मैदानात उभा असतो, तो खरंच शिंगरासारखा दिसतो. पण काप्रिली मला त्या रात्री आठवला तो वेगळ्याच कारणानं. घोड्याला त्याच्या समजुतीनं जाऊ द्यायचं, हे मीही आयुष्यभर सांगत आलेय. तिसऱ्या दांड्यावर तांबडीला अडचण आहे हे तिनं दुसऱ्यालाच टक् करून सांगितलं होतं. मी पाय दाबला.

दुसऱ्या दिवशी मी तबेल्यातल्या चार वर्षांच्या शिंगराला बाहेर काढलं. अंगानं वाढलेला, मनानं अजून पोर. दांड्यांनी त्याचं कधी काही वाकडं केलेलं नाही. पट्टी सोडा-बांधायचं निमित्त करून त्यालाही दांड्यावर मधोमध उभं केलं. तो काही निमूट उभा राहणारा नाही. माझी बाही चावली, शेपूट हलवली, रिंगणाबाहेरून कुणी गेलं तिकडं मान वळवून खिंकाळला. मी तीन मिनिटं मोजली. पोरानं दांडा काढून घेतला. मी म्हटलं, "चल." शिंगरानं मागचा पाय उचलला आणि नसलेल्या दांड्यावरून पलीकडे टाकला. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या मानेला मिठी मारली, आणि त्याला ती मुळीच आवडली नाही. म्हणजे ही देहाची रीतच आहे, धास्तीची नव्हे. पण मिठी सोडवून तो निघून गेल्यावर मी वाळूकडे बघत बसले. त्यानं पाय उचलला होता खरा. पण वीतभरच. तांबडीइतका नाही.

म्हणून मी मोजायला लागले. मोबाइल जमिनीलगत एका विटेला टेकवून ठेवायचा, दांड्याला समांतर, आणि तांबडी जाताना चित्रण करायचं. रात्री एकेक पाऊल थांबवून बघायचं. प्रत्येक पायाच्या खुरापासून खाली दांड्यापर्यंत किती फट आहे. पहिल्या आठवड्यात वीत, वीत आणि चार बोटं. पुढचा उजवा सगळ्यात वर. मग डावा मागचा. दुखलेल्या पायाचा तिरपा जोडीदार तो, तोही सावध. नव्या गोष्टीवरून घोडा आधी जास्तच उंच जातो आणि सवय झाली की खाली येतो, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे कुठली उंची नवेपणाची आणि कुठली त्या सकाळची, हे वेगळं काढता येत नव्हतं. मी घाई केली नाही. एका दांड्यावरून तीन. तीनवरून चार. अंतर टेपनं, प्रत्येक वेळी, आणि मग खाली बसून ठसे बघायचे. गुडघा कुरकुरायचा तरी बसायचे. ठसा दोन दांड्यांच्या मधोमध आहे का. मागचा खूर पुढच्याच्या ठशात पडतोय का. उजव्या खुराचा पुढचा काठ वाळूत डाव्याइतकाच खोल उतरतोय का. दहा मिनिटं झाली की थांबायचं, ती कितीही छान चाललेली असो. दमलेला घोडा पाय ओढतो, आणि ओढलेला पाय दांड्याला लागतो. दुसऱ्यांदा तसं व्हायला नको होतं. फट वितीवरून चार बोटांवर यायला जवळजवळ दोन महिने लागले. मध्ये एकदा वादळी वाऱ्याच्या दिवशी पुन्हा वितीवर गेली, मग परत उतरली.

नवव्या महिन्यात मी तिच्या पाठीवर बसले. आधी चालीत, मग थोडी दुडकी, मोकळ्या मैदानात. दांड्यांवर नाही. त्यासाठी मलाच धीर होत नव्हता. तिची तयारी झाली होती, हे चित्रणात रोज दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं की मी काहीतरी कारण सांगायचे. वाळू ओली आहे, आज उशीर झाला, उद्या बघू. शेवटी एका सकाळी त्या मोतद्दार पोरानंच न सांगता तीन दांडे मांडून ठेवले. टेप शेजारी पडलेला. मी मोजून बघितलं. चार फूट आठ इंच, दोन्हीकडे.

मी दोन फेऱ्या मारल्या. कोपऱ्यातून वळून सरळ रेषेवर आले तेव्हा हात तिच्या मानेच्या बाजूनं पुढं नेले, तिला मान हवी तेवढी मिळावी म्हणून, आणि नजर पलीकडच्या कुंपणावर ठेवली. तिनं मान खाली घेतली. पाठ माझ्याखाली वर आली, कुणी उशी फुगवावी तशी. एक. दोन. तिसऱ्यावर पुढच्या उजव्या खुराचं टोक दांड्याला लागलं. टक्. माझे पाय घट्ट झाले, श्वास थांबला. तिचा एक कान मागे आला, माझ्याकडे, आणि पुन्हा पुढे गेला. दांडा जागचा हलला नाही. ताल तुटला नाही. कुंपणापाशी पोचलो तेव्हा मी तिला थांबवायच्या बेतात होते, पण ती आपणहून डावीकडे वळली, कोपऱ्यातून फिरली आणि पुन्हा दांड्यांच्या रेषेला लागली.